टापरे सर आणि त्यांचा आजारी प्लॉट

कुणाच्याही शेतावर गेलं की टापरे सर आधी राम राम करायचे, चपला बांधावर काढायचे आणि मग मोठ्या आशेनं विचारायचे, "काही मेलं काय तुमच्या इथं?"

ज्यांना सर ठाऊक होते ते "या, दाखवतो" म्हणून पुढे व्हायचे. ज्यांना ठाऊक नव्हते ते घाबरायचे. एकदा भातकुलीकडच्या एका गावात आम्ही गेलो, तर त्या घरी मुलीची हळद चालू होती. दारात मांडव, आत बायकांची गाणी, आणि सरांनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन खालच्या आवाजात तोच प्रश्न विचारला. बाप बिचारा पांढरा पडला. मी मधे पडून सांगितलं, की सर तुरीबद्दल विचारताहेत, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. तूर मेली होती. पाच-सहा ओळी उभ्याच्या उभ्या वाळल्या होत्या. सरांना इतका आनंद झाला की ते पंगत सोडून शेतात गेले आणि मुळासकट उपटलेल्या मेलेल्या झाडांची मोळी खांद्यावर टाकून थेट मांडवातून परत आले. म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मी त्या दिवशी ज्या चालीनं जीप गाठली, तशी नंतर कधी चालले नाही.

डॉ. तुळशीराम टापरे हे अकोल्याला आमच्या संशोधन केंद्रात पिकांच्या रोगांचे शास्त्रज्ञ होते. त्यातही बुरशीचे. मी मूळची अमरावतीची, त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले आणि एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. उंच, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशाला कायम मातीचा डाग आणि गळ्यात काळ्या गोफात अडकवलेलं भिंग. खेड्यातल्या लोकांना तो ताईत वाटायचा. एका आजोबांनी तर विचारलंही होतं, कोणत्या बाबाचा आहे म्हणून. सरांनी भिंग त्यांच्या डोळ्याला लावून तुरीच्या पानावरची लव दाखवली. आजोबा म्हणाले, लय पावरफुल बाबा हाये.

इंग्रजीत सर असे निबंध लिहायचे की परदेशातून पत्रं यायची. पण तोंड उघडलं की अस्सल वऱ्हाडी. पुण्याच्या एका परिषदेत त्यांनी अर्धा तास सुरेख इंग्रजीत भाषण केलं आणि शेवटी कुणीतरी शंका विचारल्यावर म्हणाले, "थे मले बी समजलं नाई अजून. समजलं का सांगतो." सभागृह हसलं. सरांना कळेना, यात हसण्यासारखं काय आहे.

आमच्या प्रयोगशाळेत आठवड्यातून दोनदा बटाटे उकडले जायचे. बुरशी वाढवायला जी खळ लागते ती बटाट्याच्या पाण्यात करतात. बाजारातून बटाटे सर स्वतः आणायचे, एकेक दाबून, वास घेऊन. भाजीवाली म्हणायची, घरच्या बाईचा फार धाक दिसतो यांना. घरी बाईच नव्हती. पाणी बुरशीला गेलं की उरलेले बटाटे आम्ही तिखट-मीठ लावून डब्याबरोबर खायचो, आणि सर ते खाताना दर वेळी सांगायचे की यातला कस सगळा पाण्यात गेला, तुम्ही नुसता चोथा खाताय. कुणाच्या लोणच्याला पांढरी बुरशी आली असेल तर ते झाकणाला भिंग लावून तिचं नाव, गाव, गोत्र सांगायचे. "ही काई करत नाई, गरीब हाये," असं म्हणून डबा परत द्यायचे. मग तो डबा कुणी खायचं नाही.

काचेच्या ज्या बशांमध्ये बुरशी वाढायची, त्यांना नंबर द्यायची पद्धत आहे. सर नंबर द्यायचे नाहीत. ज्याच्या शेतातून मूळ आणलं त्याचंच नाव बशीवर लिहायचे. त्यामुळे आमच्याकडे सकाळी असे संवाद चालायचे, की अंबादासभाऊ छान आले, सुमनबाईंना दुसरीच कसली तरी लागण झाली, त्यांना टाकून द्या. हे आपसात होतं तोवर ठीक. पण अंबादासभाऊंचा फोन आला तेव्हा सर त्यांना कौतुकानं म्हणाले, "तुमी लय मस्त वाढून राहिले बाप्पा. कडेनं गुलाबी झाले." अंबादासभाऊंनी फोन बायकोच्या हाती दिला.

सगळ्यात मोठा छळ म्हणजे सात दिवस. कुणी रोगट झाड घेऊन आलं की सर मुळाचा तुकडा बशीत ठेवायचे आणि म्हणायचे, "सात दिवस थांबा." बुरशीला वाढायला सात दिवस लागतात, हे खरं. पण जो रोग आमच्या शिपायालाही लांबून ओळखू यायचा त्यालाही सात दिवस. कृषी सेवा केंद्रातला माणूस सात मिनिटांत चार औषधं देऊन मोकळा व्हायचा, आणि आमचे सर सातव्या दिवसापर्यंत ब्र काढायचे नाहीत. अलीकडे लोक मोबाईलवर पानांचे फोटो पाठवू लागले. सर ते उघडायचेच नाहीत. "फोटोले वास नसते," म्हणायचे.

ही सवय त्यांना संसाराच्या आड आली असं लोक सांगतात. तरुणपणी ते दर्यापूरला मुलगी पाहायला गेले होते. पोहे झाले, मुलगी आली, बसली, गेली. सरांची नजर खिडकीबाहेरच्या गुलाबावर. त्याच्या पानांवर पांढरी भुकटी दिसत होती. ते उठून अंगणात गेले ते निघायच्या वेळीच सापडले. मुलीच्या वडलांनी पसंतीचं विचारलं, तर सर म्हणाले, सात दिवसांनी कळवतो. आठव्या दिवशी पोस्टकार्ड गेलं. त्यात लिहिलं होतं, भुरीच आहे, गंधकाची भुकटी सकाळच्या वेळी धुरळावी. मुलीबद्दल एक अक्षर नाही. तिचं लग्न पुढे दुसरीकडे झालं. गुलाब मात्र सुधारला म्हणतात.

सरांचं दुसरं वेड म्हणजे ज्वारी. आधी आपल्याकडे तुरीमागे ज्वारी यायची, ज्वारीची मुळं तूर वाळवणाऱ्या बुरशीला सुखानं नांदू द्यायची नाहीत. आता सोयाबीन-तूर, तूर-सोयाबीन, हेच चाललंय. म्हणून "ज्वारी गेली अन् मर आली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जमीन रोगट नाही, कंटाळली आहे, असं ते शेतकऱ्यांना समजावत. एका सभेत त्यांनी विचारलं, तुम्हाला रोज वांग्याचीच भाजी दिली तर तुम्ही काय कराल? मागून एक जण म्हणाला, "आमी तं रोज वांगंच खातो सायेब." सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

आता त्या प्लॉटबद्दल सांगते.

मर हा तुरीचा वाईट रोग. त्याची बुरशी मातीत राहते, मुळांतून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नसा बंद करते. ऐन शेंगा भरायच्या वेळी हिरवंगार झाड उभ्या उभ्या वाळतं. वरून फवारून काही होत नाही. मग दोनच गोष्टी हातात राहतात. जमीन सुधारायची, नाहीतर न मरणारं वाण शोधायचं. पण एखादं वाण मरणार नाही हे कळायला ते हमखास मरेल अशा जमिनीत पेरून पाहावं लागतं. अशी जमीन आयती मिळत नाही, ती बनवावी लागते.

सरांनी ती बनवली होती. आमच्या केंद्राच्या फाटकाजवळ रस्त्याला लागून अर्धा एकर. लोक शेतात शेणखत घालतात, सर तिथे मेलेल्या तुरीची मुळं बारीक करून घालायचे. गावोगावच्या मोळ्या त्यासाठीच. बारा वर्षं त्यांनी त्या जमिनीला रोग भरवला. शेवटी शेवटी ती अशी तयार झाली होती की दहा झाडं लावली तर दहाच्या दहा जायची. सर संध्याकाळी तिथे फेरी मारून यायचे आणि समाधानानं म्हणायचे, सगळी माना टाकून राहिली. त्याच्या शेजारच्याच प्लॉटमध्ये त्यांचा उलटा प्रयोग चालायचा. तिथे आलटून पालटून ज्वारी, कंपोस्ट, रोगट बुरशीला खाऊन टाकणारी चांगली बुरशी. तो प्लॉट दृष्ट लागेल असा. रस्त्यानं जाणाऱ्या शेतकऱ्यांना वाटायचं, हिरवा प्लॉट दुसऱ्या कुणाचा तरी आहे आणि वाळलेला टापरे साहेबांचा. सायकल थांबवून ते सांगायचे, साहेब, तुम्हाला शेती नाही जमत. सर म्हणायचे, नाही जमत भाऊ.

त्या मरणाच्या जमिनीत एक वाण टिकलं होतं. एक्केचाळीस नंबर. आजूबाजूच्या ओळी वाळून काड्या झालेल्या, आणि मधे ही एक ओळ शेंगांनी वाकलेली. पहिल्या वर्षी सरांनी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या वर्षी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षी मला तेवढं म्हणाले, की अजून एक वर्ष तग धरला तर लिहायला हरकत नाही. तेवढंच एक वर्ष त्यांच्या नोकरीचंही उरलं होतं.

त्याच जानेवारीत सरांना आठ दिवस सेमाडोहला प्रशिक्षण द्यायला पाठवलं. तिथे फोन लागत नाही. आमच्या केंद्रावर तेव्हा नवे प्रमुख आले होते. पुण्याकडचे, तरुण, कामाचे आणि अगदी सरळ मनाचे. बाहेरून मोठे पाहुणे येणार होते. फाटकातून आत शिरताच डाव्या हाताला हा वाळका, काटक्यांनी भरलेला तुकडा दिसतो, हे त्यांना कसंतरी वाटलं. त्यांनी मला विचारलं, बाई, ही जमीन अशी का? मी म्हटलं, सरांच्या प्रयोगाची आहे, आजारी आहे. ते म्हणाले, मग बरी करायला नको का? मोठ्या साहेबांपुढे बोलायची मला सवय नव्हती. त्याबद्दल मी स्वतःला अजून बोल लावते.

चार दिवसांत त्यांनी नांगरट करून घेतली. धसकटं वेचून जाळली, ट्रॉल्या भरून शेणखत टाकलं, त्यात शेजारच्या प्लॉटसाठी ठेवलेली चांगल्या बुरशीची पोतीच्या पोती मिसळली. वर पाटी लावली, 'आदर्श सुपीक प्रक्षेत्र'.

सर सेमाडोहहून आले ते फाटकाशीच थांबले. पाटी दोनदा वाचली. चपला काढून आत गेले, खाली बसले, मूठभर माती घेऊन वास घेतला. साहेब हसतमुखानं शेजारी उभे. आपण वडीलधाऱ्या माणसाचं रखडलेलं काम केलं, असा त्यांचा चेहरा. सर म्हणाले, "छान झाली जमीन." साहेब आणखी खुलले. मग सरांनी माती हळूच खाली सोडली आणि म्हणाले, "बारा वर्सं लागली होती हिले बिमार पाडाले."

साहेबांना अर्थ लागायला तासभर गेला. मग ते प्रयोगशाळेत आले, दारातच उभे राहिले. मी सरांकडे पाहिलं. आता तरी हा माणूस ओरडेल असं मला वाटलं. सरांनी त्यांना स्टूल दिलं, उकडलेला बटाटा दिला आणि सांगितलं, की तुम्ही केलं ते काम चांगलंच आहे, फक्त बांधाच्या चुकीच्या बाजूला केलं. जमीन आता धड बरी नाही, धड आजारी नाही. अशा जमिनीत एक्केचाळीस नंबर जगली तर ती स्वतःच्या जोरावर जगली का शेणखताच्या, हे सांगता येणार नाही. यावर उपाय काय, असं साहेबांनी विचारलं. "जीप द्या," सर म्हणाले. "जूनच्या आत पुन्हा बिमार करू."

म्हणून त्या हिवाळ्यात मी आणि सर मेलेली तूर शोधत दोन जिल्हे फिरलो. मी शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला, की ज्यांची तूर मेली असेल त्यांनी कळवावं, सर स्वतः येतील. पहिलं उत्तर आलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पण लोक होते चांगले. मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली, चांदूर बाजार, जिथे जाऊ तिथे कुणी ना कुणी मोळी बांधून ठेवलेली. ज्यांना सरांनी एकेकाळी सात दिवस ताटकळत ठेवलं होतं तेच जास्त. अंबादासभाऊंनी तर धसकटाचं पोतं स्वतःच्या डोक्यावरून आणून जीपमध्ये टाकलं आणि विचारलं, आता मी कोणत्या रंगाचा झालो साहेब?

बाराव्या दिवशी मोर्शीला जीप काठोकाठ भरली. आता परतायचं, तर सर ड्रायव्हरला म्हणाले, वरूडला घे. मी विचारलं, तिथे तूर आहे का? नाही म्हणाले. तिथे एक बाई आहे. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. साठीला आलेला ब्रह्मचारी माणूस, भांगही नीट न पाडणारा, आणि वरूडला एक बाई. पुढचा सगळा रस्ता मी आणि ड्रायव्हर एकमेकांची नजर चुकवत होतो.

बाई ऐंशीच्या घरात होती. सरूबाई तिचं नाव. वरूडच्या अलीकडे रस्त्याला लागून तिचं शेत, त्यात एक खोली. बाजाराला न्यायच्या मेथीच्या जुड्या बांधत ती उन्हात बसली होती. सरांना पाहून ती उठली नाही, तेही थांबले नाहीत. जीपच्या सीटखालून त्यांनी एक डबा आणि रंगाऱ्याचा ब्रश काढला आणि मागे चाळीसेक संत्र्यांची झाडं होती तिकडे चालू लागले. डब्यात मोरचूद आणि चुन्याचा मलम होता. एकेका झाडापुढे उकिडवे बसून ते बुंध्याला निळा मलम फासू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इथे त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही.

मी सरूबाईंना जुड्या बांधू लागले. सहज विचारलं, साहेब नेहमी येतात का?

"महिन्याले येतेत," ती म्हणाली. "तीस वर्सं झाली."

मग तिनं सांगितलं. त्या जागी पूर्वी दोनशे झाडांची बाग होती. तिच्या नवऱ्यानं, किसनरावांनी लावलेली. एका वर्षी पानं पिवळी पडायला लागली. किसनराव पानं घेऊन अकोल्याला गेले. तिथे नवा लागलेला एक तरुण डॉक्टर होता. तो कुठेतरी निघायच्या घाईत होता. त्यानं पानं पाहिली आणि उभ्या उभ्या सांगितलं, जमीन भुकेली आहे, खत द्या, पाणी वाढवा. यांनी खत दिलं, पाणी वाढवलं. पण रोग पानांत नव्हता, मुळांत होता. मुळं कुजत होती, आणि ती बुरशी पाण्यावरच पोसली जाते. बुंध्याशी पाणी साचत गेलं, सालीतून डिंक वाहायला लागला. तीन वर्षांत बाग गेली.

"मंग तो पोट्टा एक दिवस आला अठी," सरूबाई म्हणाली. "खुंटं पायली त्यानं. डिंक खरवडून पायला. अन् बांधावर बसला थे बसलाच. आमच्या बुढ्यानं त्याले पानी देल्लं. तो गेल्यावर बुढा मले म्हने, पोरगं चुकलं. पन चुकनारे लय पायले, चुकल्यावर पाहाले येनारा हा पयलाच. त्याले बोलू नको."

किसनराव गेल्यालाही दहा वर्षं झाली होती. ही चाळीस कलमं सरांनीच आणून दिलेली. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून उंच वरंब्यावर त्यांनी स्वतः लावली होती.

मी विचारलं, तुम्हाला सगळं माहीत आहे हे सरांना माहीत आहे?

"नाई. त्याले वाट्टे बुढीले काई मालूम नाई." तिनं जुडीला गाठ मारली. "सांगतलं तं येनं बंद करन तो. त्याचं घरी कोन हाये? माही पोरगी नागपुरात, थे दिवाईले येते. हा महिन्याले येते. मी गेल्यावर सांगजो त्याले बाई. तवर नको."

सर कोपरापर्यंत निळे होऊन आले. तिनं हातावर पाणी घातलं, ज्वारीची भाकर, मेथी आणि ठेचा वाढला. सर मान खाली घालून जेवले. त्या दोघांत जे बोलणं झालं ते सगळं पाण्याबद्दल होतं. ती म्हणाली पाणी कमी पडतं, ते म्हणाले जास्त होतं. निघताना ती मला मेथीच्या दोन जुड्या देऊ लागली. सरांना काही दिलं नाही.

परतीच्या वाटेवर मोर्शी मागे पडलं. मग सर स्वतःहून म्हणाले, की त्या बाईला एक गोष्ट सांगायची आहे, फार वर्षांपासून राहिली आहे. दर वेळी ठरवून जातो आणि पाण्यावरच बोलून परत येतो.

"हिंमत होत नाई," ते म्हणाले. नखांत निळा रंग तसाच होता.

मला सगळं तोंडाशी आलं होतं. पण मी शब्द दिला होता. मी म्हटलं, सांगाल कधीतरी. इतका कोरडा दिलासा मी आयुष्यात कुणाला दिला नसेल.

मोळ्या कुटून, मुळं बारीक करून आम्ही प्लॉटमध्ये मिसळली. साहेब रोज संध्याकाळी बाह्या सरसावून मदतीला यायचे. पाटी त्यांनी आपल्या हातानं काढली. पावसाळ्यात तूर उगवली तेव्हा ती इतकी टवटवीत दिसत होती की आम्ही रोज एक रोप उपटून मुळं तपासू लागलो. पण दसरा झाला आणि एका सकाळी सर धावत प्रयोगशाळेत आले. असा धावणारा माणूस एकतर नातू झाल्याची बातमी आणतो किंवा घर जळाल्याची. ते म्हणाले, "मरून राहिली बाई, मस्त मरून राहिली." दिवाळीपर्यंत सगळ्या ओळी वाळल्या. एक्केचाळीस नंबरची तीन झाडं मेली, बाकीची ओळ उभी राहिली. ती तीन झाडं वहीत मांडू नयेत, असं एकानं सुचवलं. सरांनी ती सगळ्यात वर मांडली.

ते निवृत्त झाले. ते वाण आता दुसऱ्यांच्या हाती आहे, ठिकठिकाणी पेरून पाहिलं जातंय. सरांचं नाव त्यावर लागेल असं दिसत नाही. त्यांना त्याची फिकीर नाही. अकोल्यातल्या दोन खोल्यांच्या घरात ते राहतात आणि शेजाऱ्यांच्या कुंड्यांना सात दिवस ताटकळत ठेवतात. वरूडला जाणं मात्र चुकलं नाही. इतकी वर्षं सुट्टीच्या दिवशी जात तसेच एसटीनं जायचे, मलमाचा डबा मांडीवर घेऊन.

या पौषात सरूबाई गेल्या. सरांनीच फोन करून कळवलं, दोन वाक्यांत. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. टोपलीभर संत्री टेबलावर होती. सरूबाईंच्या मुलीनं झाडांवरून उतरवून त्यांना पाठवली होती. सरांनी एक मला दिलं आणि एक स्वतः सोलायला घेतलं.

मी सांगितलं. जुड्या बांधताना ऐकलं ते सगळं, किसनराव काय म्हणाले तेही. सरांचा हात थांबला.

"कवापासून माहीत होतं तिले?"

पहिल्यापासून, मी म्हटलं. तुम्ही बांधावर बसलात त्या दिवसापासून.

सालीचा सुटलेला तुकडा त्यांनी बशीत ठेवला. मग अगदी हळू आवाजात, एखाद्या लहान मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "अन् तरी जेवाले घालत होती?"

मी हो म्हटलं.

अर्धवट सोललेलं संत्रं त्यांनी बशीत ठेवलं आणि हात धुवायला मोरीकडे गेले. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. नळ चालूच राहिला. मी त्यांचं संत्रं ओढून घेतलं, उरलेली साल काढली, शिरा काढून फोडी मोकळ्या केल्या आणि ते येईपर्यंत त्यांच्या बाजूला सरकवून ठेवल्या.